ताईच्या सासरी ठेवलेली घोडी

वडिलांचा पाय मोडला नसता तर मी घोडीवर बसायला शिकले नसते. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ते विहिरीच्या कठड्यावरून पडले. पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि घोडी ठाणावर उभी राहिली. आमचं गाव नगरच्या उत्तरेला, डोंगराच्या अंगाला. एसटी फाट्यापर्यंत यायची. पुढे बाजाराला, वरच्या रानात, कुणाच्या मयतीला, वडील घोडीवरून जात. नुसत्या उभ्या घोड्याचे पाय सुजतात. तिला कोणीतरी फिरवायला हवं होतं. घरात मुलगा नव्हता. थोरली बहीण, ताई, त्याच वर्षी लग्न होऊन बेलापूरला गेली होती. राहिले मी, सोळा वर्षांची.

खळ्याच्या मधोमध एक खांब रोवलेला असे. मळणीचे बैल त्याभोवती फिरत. वडिलांनी घोडी त्या खांबाला लांब दोराने बांधायला लावली आणि स्वतः बाजेवर पडून मला शिकवलं. खोगीर नाही, रिकीब नाही, लगामही नाही.

"लगाम दिला की माणूस त्यालाच लोंबकाळतं," ते म्हणाले. "आधी बसाया शीक."

मी पडत होते. पडले की घोडी जागच्या जागी थांबायची आणि मी उठेपर्यंत पाऊल टाकायची नाही. ती गडद तांबडी होती. वडील तिला कुमैत म्हणत. पाठ अरुंद, कान सतत हलते. तिला घाई आवडत नसे. पाणीसुद्धा ती आधी हुंगून मग प्यायची.

शेजारचे एक म्हातारे खळ्यावर येऊन बसत. एकदा ते वडिलांना म्हणाले, "लेकीची वरात घोडीवरनं काढता का काय?"

"काढू की," वडील म्हणाले. "नवरदेव येईल मागनं चालत."

पावसाळ्यापर्यंत मी दुडक्या चालीवर न धरता बसू लागले. त्या हिवाळ्यात एक गोष्ट मी आपली आपण शिकले. पहाटे लगामाचं लोखंड गार पडलेलं असे आणि घोडी तोंड फिरवून घेई. मी ते आधी तळहातात धरून गरम करू लागले. मग ती स्वतःहून तोंड उघडायची. वडील बरे होऊन पुन्हा लगाम घालायला गेले, तेव्हा तिने त्यांच्या हातून तो घेतला नाही. माझ्याकडे मान वळवून उभी राहिली.

"बिघडवलीस घोडी," ते म्हणाले. पण रोज लगाम घालायला मलाच हाक मारू लागले.

बहात्तरला पाऊस झाला नाही. आधीचं वर्षही कोरडंच होतं. कडबा दिवाळीपर्यंत संपला. गावातली माणसं खडी फोडायला गेली, जनावरं छावणीत गेली. आमचे बैल छावणीत घेतले. घोडी घेतली नाही. तिथला चारा गाई-बैलांसाठी होता. वडील तिथे वाद घालत बसले नाहीत. घोडी घेऊन परत आले. मग आम्ही लिंबाचा पाला, बाभळीच्या शेंगा, छपरावरचं जुनं पाचट असं जे मिळेल ते घालत होतो. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. मी तिच्यावर बसणं बंद केलं.

ताईच्या सासूने निरोप पाठवला. इकडे कालव्याचं पाणी आहे, लसूणघासाचा मळा हिरवा आहे, घोडी आणून बांधा.

चार दिवस झाले तरी वडील निघेनात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत ते पाळत. आणि ताईला अजून मूल नव्हतं.

शेवटी आई म्हणाली, "आपुन कुठं खातोय? घोडी खानार हाय."

आम्ही घोडीला घेऊन चालत निघालो. राहुरीजवळ ओळखीच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बेलापूरला पोचलो. दाराशी घास उभा होता, गुडघ्याएवढा. घोडीने तो लांबूनच हुंगला आणि तिच्या नाकपुड्या थरथरू लागल्या.

ताईची सासू तांब्या घेऊन बाहेर आली. "पाणी तरी घ्या पाव्हणं. इहिरीचं हाय, सुनंचं न्हाई."

"नातू होऊ द्या," वडील म्हणाले, "मंग भाकर मागून खाईन."

एरवी घोडी कुठे बांधायची झाली तर वडील दोन दिवस राहून तिचं खाणंपिणं लावून देत. इथे ते राहू शकत नव्हते, पाणीही पिऊ शकत नव्हते. त्या घरी गाई-बैलच पाळलेले, घोडं कधी नव्हतं. मी काही सांगायला तोंड उघडलं, तर वडिलांनी मला नजरेनेच थांबवलं. "सांभाळा," एवढंच ते विहीणबाईंना म्हणाले आणि आम्ही निघालो. घोडीने वर पाहिलं नाही. ती खात होती.

पुढल्या आठवड्यात ताईचा दीर एसटीने आला. आईने दिलेला चहा तसाच हातात धरून तो सांगू लागला. सोयऱ्यांची घोडी, तीही उपाशी आलेली, म्हणून त्याच्या आईने तिच्यापुढचा घास कधी संपू दिला नव्हता. स्वतः कापून घालत होती. मग घोडीचं पोट फुगलं, ती लोळू लागली. बैलाला करतात ते सगळं त्यांनी केलं. गोडं तेल पाजलं, पोट चोळलं. त्याने तिला उतार पडला नाही.

"लई तरास झाला का?" वडिलांनी विचारलं.

"सकाळपर्यंत," तो म्हणाला. "आमी तिला मळ्यातच पुरली. चांभाराला दिली न्हाई."

"तुमी तरी काय करनार," वडील म्हणाले आणि आईला त्याचं ताट वाढायला सांगितलं. मी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी टँकर उशिरा आला.

ताई पाडव्याला आली नाही. आखाजीलाही नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि ती नागपंचमीला आली. संध्याकाळी वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"दादा, तिला कसं घालायचं असतं?"

त्यांनी सांगितलं. उपाशी घोड्याला आधी पाणी, तेही थोडं थोडं. मग वाळला कडबा, बारीक तोडून. हिरवा घास पहिल्या दिवशी मूठभर, कडब्यात मिसळून, आणि पुढे रोज थोडा वाढवत न्यायचा. गाय पोटात भरते आणि मग निवांत रवंथ करते, घोड्याला रवंथ नाही. खाल्लेलं त्याला उलटून टाकता येत नाही. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही.

"हे तवाच सांगायचं हुतं."

"तुझ्या सासूच्या दारात उभं ऱ्हाऊन? त्यांनी जनावर ठिवून घेतलं हेच लई हुतं. वर हुकूम कसा सोडायचा?"

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्या रोज इचारायच्या मला," ती म्हणाली. "पाव्हणं काय सांगून गेल्यात का, घोडीला कसं घालायचं त्ये. मी म्हनायची, न्हाई. काईच न्हाई सांगितलं."