डोळ्यातला कण

लोहाऱ्यात मुनवर वेल्डरच्या हातची जोड म्हणजे दगडावरची रेघ. त्यानं बसवलेली शाळांची, मशिदीची फाटकं अजून कुरकुरत नाहीत. पण माणूस जिभेचा तिखट. धाकटा भाऊ मुजीब त्याच्याच दुकानात शिकला. एकदा लोखंड घासताना घासायच्या चाकाचा तुकडा उडाला आणि मुजीबचा डावा डोळा गेला. तेव्हा मुनवर चार माणसांत बोलला होता, "चष्मा लावायचा आळस. आता भोग म्हणावं." पुढं एका डोळ्यानं जोड सरळ येत नाही म्हणून त्यानं भावाला दुकानातून काढलं. मुजीबनं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. ईदला गळाभेट व्हायची, तेवढंच.

मग एका दुपारी काम करता करता मुनवरचा डावा हात आपोआप फडफडायला लागला आणि तो शुद्ध हरपून पडला. धाराशिवला सीटी स्कॅनमध्ये मेंदूतली गाठ दिसली. डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. बायको सकिनाबी एकटी कशी जाणार? न बोलावता मुजीब दुकान बंद करून सोबत निघाला.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. "पूर्वी आम्ही गाठ काढून डोकं शिवायचो, मग फोटो काढायचो. गाठ मागं राहिलेली दिसली की पुन्हा डोकं उघडावं लागायचं. आता एमआरआयचं मशीन ऑपरेशनच्या खोलीला लागूनच आहे. मध्येच थांबून फोटो काढायचा, राहिलेलं दिसलं तर तिथंच काढायचं, मगच टाके. पण ते मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक. अंगात लोखंड असलेलं चालत नाही."

मशीनवरचा माणूस एकेक विचारत गेला. अंगात सळई? कुठं खिळा? शेवटी म्हणाला, "वेल्डर ना तुम्ही? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय?"

मुजीब शेजारीच उभा होता. मुनवर म्हणाला, "न्हाय. म्या चष्म्याबिगर कधी कामच केलं न्हाय."

"साहेब," मुजीब हळूच बोलला, "एक्स-रे काढा. यांच्या डोळ्यात गेलतं. गल्लीतली इरम्मा जिभेनं डोळ्यातला कचरा काढायची, तिच्याकडं न्हेलतं. डोकं म्याच धरलं होतं. समदं निघालं का न्हाय, अल्ला जाणे."

मुनवर भडकला. "ह्याचं काय ऐकता? ह्याला एका डोळ्यानं काय दिसतंय!"

तो माणूस कागदावर लिहिता लिहिता थांबला. सकिनाबीनं पदर तोंडाशी धरला. मुजीब बाहेर बाकावर जाऊन बसला.

एक्स-रेत कण दिसला. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढा. डॉक्टर म्हणाले, "मशीनच्या ओढीनं हा हलला असता तर डोळा गेला असता. हे सांगितलं कुणी?"

मुनवरला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाऊ बाहेर आहे, एवढं सांगायलासुद्धा त्याची जीभ उचलेना. सांगितलं ते सकिनाबीनं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी कण काढला, मग ऑपरेशन झालं. मुनवर शुद्धीवर आल्यावर सकिनाबी म्हणाली, "मधी थांबून फोटू काढला तर गाठीचा तुकडा मागं तसाच दिसला. पुन्हा काढला, मग शिवलं. मुजीबभाई जागचं हललं न्हाईत." पायथ्याशी मुजीब उभा होता. मुनवरनं डोळे मिटून घेतले. सकिनाबीला वाटलं, दुखतंय.

घरी आल्यावर लोक भेटायला यायचे, "नशीबवान हाय" म्हणायचे. ते ऐकून तो आणखीच ओशाळायचा. पुन्हा फेफरं येण्याची धास्ती होती, म्हणून डॉक्टरांनी वेल्डिंग बंद केलं होतं. एक दिवस तो डोक्याला रुमाल बांधून मुजीबच्या दुकानी गेला. जीपवाले चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोरच म्हणाला, "मुजीब, दुकानात परत ये. आपल्या दोघांचं."

मुजीब ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. "भाईजान, आता तुमच्यानं काम हुईना म्हणून बोलावताय, का माझ्यासाठी?"

दोन्ही खरं होतं, आणि पहिलं जास्त खरं होतं. मुनवर जीपवाल्यांकडे वळून म्हणाला, "माझ्या डोळ्यात कण गेला तवा माझ्याबी डोळ्यावर चष्मा नव्हता. ह्याला म्या उगाच बदनाम केलं."

एकानं चहाचा कप खाली ठेवला.

"सावलीत बसा," मुजीब म्हणाला. "डोस्क्याला ऊन लागंल." त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि पुन्हा ट्यूबकडं वळला.

मुजीब दुकानात आला नाही. मुनवरनं उमरग्याचा एक कारागीर ठेवला, आता स्वतः नुसता बसून माप सांगतो. कारागिरानं चष्मा वर केला की मुनवर ओरडायला तोंड उघडतो, आणि मिटतो.