सगळं मंडळ कैलासवासी

या, जरा जवळ सरका, आणि आधी माझी थोडी बोलणी खा. मंडळाची वेबसाइट येता-जाता उघडता, संक्रांतीचं हळदीकुंकू कुठल्या हॉलमध्ये आहे ते बघता, स्वतःचा फोटो बरा आलाय का ते तर पुन्हा पुन्हा बघता. पण ही साइट बांधली कुणी, हे एकाने तरी कधी विचारलंत? नाही ना? मग ऐका. माझ्या परसातल्या भिंतीपलीकडे राहायची ती नागपूरची मुलगी, तिने बांधली. आणि अख्ख्या चँडलरमध्ये, चँडलर कशाला, उभ्या अमेरिकेत, एकच काम दोनदा करायचा तिच्याइतका कंटाळा असलेलं माणूस तुम्हाला सापडायचं नाही. गंमत अशी, की ते दुसऱ्यांदा करावं लागू नये म्हणून ही बाई पहिल्यांदाच ते आठवडाभर करत बसायची.

रविवारी ती मोठ्या कढईत फोडणी करून बरणीत भरून ठेवी. वरणाला तीच, पोह्यांना तीच, कढीलाही तीच. मी म्हटलं, "अगं, पोह्यांना कुणी लसणाची फोडणी देतं का?" तर म्हणे, "मावशी, फोडणी कॉमन आहे. पोह्यांचं पोहेपण मी कांद्यात ठेवलं ना!" काही बातमी असली की आम्ही सगळ्या जमेपर्यंत तोंड मिटून बसायची, आधी आलेलीने कितीही खोदून विचारलं तरी, "थांबा जी, सगळ्यांना एकदाच सांगते." एकदा तर तिने आईला आणि सासूला एकाच फोनवर घेतलं, म्हणजे तब्येत, हवा, भाजी काय केली हे दोनदा सांगायला नको. आईला बिचारीला कुठे ठाऊक की विहीणबाई ऐकतायत! तिने आपलं मायेने विचारलं, "आणि तुझी सासू अजून तशीच आहे का गं?" त्यानंतर महिनाभर ही दोघींची वेगवेगळी समजूत काढत होती. "तेव्हापासून मी शिकली, मावशी," मला म्हणाली, "काय सगळ्यांचं एक ठेवायचं, अन् काय ज्याचं त्याला ठेवायचं."

हसू नका, तिची सगळी विद्या याच वाक्यात होती. मी पडले न शिकलेली. संगणकाचं जे काय कळतं ते नातवाच्या मागे उभं राहून. पण तिने मला समजावलं तसं कुणी समजावलं नाही. ते वेबपानं बनवायचं सॉफ्टवेअर उघडून म्हणाली, "हा साचा. वरचं मंडळाचं नाव, गणपती, खालचा पत्ता, हे कुलूपबंद. मधली जागा तेवढी मोकळी. साच्यात बदललं की सगळ्या पानांवर बदललं." मग सभासदांची यादी दाखवली, तर पानावर नावंच नव्हती! मी घाबरले. म्हणे, "नावं तिकडे तक्त्यात आहेत. पान आधी करून डब्यात नाही ठेवायचं मावशी. कुणी मागितलं की तेव्हाच लाटायचं, भाजायचं अन् गरम वाढायचं." त्या दिवसापासून डायनॅमिक पान म्हणजे काय हे मला कुणी विचारायचं नाही, मीच सांगते.

पण एवढी हुशार मुलगी दिवसभर घरी. पदवी कॉम्प्युटरची, आणि व्हिसा नवऱ्याच्या आधाराचा. त्यावर नोकरी करायची मुभा नाही. पार्टीत कुणी विचारलं, "व्हॉट डू यू डू?" की सरळ सांगायची, "आय वेट." लोक हसायचे. मी नाही हसायची. तिच्या स्वतःच्या नावाने व्हिसा करून देणारी कंपनी मिळेपर्यंत दुसरा मार्ग नव्हता, आणि नमुना म्हणून दाखवायला तिच्याजवळ एकच काम होतं, आपली ही साइट.

शेवटी एका कंपनीने तिच्या इथल्या ऑफिसात मुलाखतीला बोलावलं. आणि नेमकी त्याच सकाळी, आपल्या मंडळाचे सगळ्यांत जुने आजोबा तिकडे साताऱ्याला गेल्याची बातमी आली. सेक्रेटरींनी हिला फोन केला, "त्यांच्या नावापुढे कै. लाव बाई." ही एका हाताने साडीच्या निऱ्या करतेय, दुसऱ्या हाताने माउस. नावाआधीचं श्री. आणि सौ. साइटच्या ज्या कोडच्या तुकड्यातून येई, तो तुकडा सगळ्यांचा एकच. आजोबांच्या ओळीत लावायचं ते कै. तिने त्या तुकड्यात लावलं, आणि गाडीत बसून गेली.

झालं! सगळं मंडळ कैलासवासी. अध्यक्षांचा मला फोन, "मावशी, मी अजून आहे हो!" एका काकूंच्या मुलीने पुण्याहून रडत फोन केला, तो काकूंनीच उचलला. माझं नाव बघून मीसुद्धा एकदा आरशात जाऊन आले. आणि हिचा मोबाइल बंद.

तिथे काय घडलं ते तिने नंतर सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. समोर गोरा साहेब, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पान उघडलं, ओळीने कै., कै., कै. ही पांढरीफटक. साहेब म्हणतोय, व्हेरी नीट. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण आपल्या गावाची चाळीस घरं मारून नोकरी घ्यायची तिला जमेना. म्हणाली, "सर, या यादीतली सगळी माणसं जिवंत आहेत, आणि मी आज त्यांना मारलंय." साहेब आधी चरकला, मग पोट धरून हसला. म्हणाला, मग जिवंत कर बघू. हिने तिथेच तो एक तुकडा उघडला, ते एक अक्षर खोडलं, आणि सगळं मंडळ एका दमात उठून बसलं. आजोबांचं कै. मात्र तिने त्यांच्या ओळीत, हळूच, वेगळं लिहिलं. साहेब तेच बघत राहिला म्हणे.

नोकरी मिळाली. तीही त्यांच्या लांब ओहायोतल्या ऑफिसात, डब्लिनला. नवऱ्याने तिकडची बदली मागून घेतली. इतकी वर्षं ती त्याच्या मागे आली होती, यंदा तो तिच्या मागे गेला. निघताना मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, आता मला कुणी विचारू द्या मी काय करते ते!" आणि रडली.

आता फोन करते, पण घाईत. मीटिंग असते, काही अडकलेलं असतं. ये म्हटलं की म्हणते, "मावशी, रजाच मिळून नाही राहिली." बघा, तिला रजा मिळत नाही याचा मला केवढा आनंद, आणि वाईटही त्याचंच वाटतं. तुमच्यापैकी कुणी डब्लिनला जाणार असाल तर तिला माझा निरोप सांगा. म्हणावं, बाळा, शनिवार-रविवारची ये, पण ये. मावशी वाट पाहते. लवकर ये गं.