भाजायच्या कणसाला मका म्हणत नाहीत

आरप मोसोनिकने संशोधन केंद्रात बावीस वर्षं किडे पाळले. आम्ही टेकडीवरची माणसं गाई पाळतो, हा बाबा जाळीच्या पेटीत मावा पाळायचा. आधी त्याला उपाशी ठेवायचं, मग रोगट पान चारायचं, मग निरोगी रोपावर सोडून रोग कसा पसरतो ते बघायचं. त्यावर साहेबलोक परदेशी भाषणं ठोकून आले. ह्याला निवृत्तीला एक घड्याळ मिळालं, तेही बंद पडलेलं.

मग आमच्याकडे, बोमेटमध्ये, कोरोइतो आला, मक्याचा रोग. मका पोंग्यापासून पिवळा पडून वाळायचा, कणसं पोचट. मी विधवा बाई, अर्ध्या एकरावर माझं वर्षाचं किम्येत, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड. ती शिजवायला पीठच नसेल तर चुलीवर काय ठेवू, माझं डोकं?

गावसभेत कृषी खात्याचा पोरगेला साहेब म्हणाला, "फवारा मारा."

मोसोनिक ताडकन उठला. "अहो साहेब, मावा पानाला तोंड टेकवतो न टेकवतो तोच रोग उचलतो. औषधाने मरायच्या आधी बिथरतो आणि आणखी दहा झाडांना तोंड लावतो. ऊन तापलं की त्याला पंख फुटतात, पुढचं काम वारा करतो. एक हंगाम टेकडीवर मकाच नको. रोगाला राहायला घरच ठेवू नका!"

सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं. बटाटे लावले, घेवडा लावला. मोसोनिकची मान अशी ताठ झाली, की समोरून येणारं माणूस त्याला दिसेना.

पुढच्या हंगामात मका पेरला. गुडघ्याएवढा झाला आणि माझं अख्खं शेत पिवळं पडलं.

मोसोनिक पिसाळला. घरोघरी परसात शिरला, तर प्रत्येकाच्या चुलीमागे गेल्या हंगामातच लावलेली मक्याची पाच-दहा ताटं उभी!

"मका लावणार नाही म्हणाला होतात ना रे!"

"कुठे लावला? ही तर भाजायची कणसं. कोठीत जातो तो मका."

म्हातारे, बायका, पाद्री, सगळ्यांचं एकच उत्तर. शेवटी तो स्वतःच्या परसात गेला. तिथे आठ ताटं होती.

"तापलेलेइ, हे काय?" त्याने बायकोला विचारलं.

"अहो, असं काय करता? रविवारी दोन कणसं तुम्हीच खाल्लीत. गोड आहेत म्हणालात की!"

संध्याकाळी तो माझ्या बांधावर आला. टोपी हातात, मान खाली. एवढा मोठा माणूस रडवेला झाला होता. म्हणाला, "तापकिगेन, तुझं शेत माझ्या घराने खाल्लं. मला माफ कर. आता सभेत मी तोंड उघडणार नाही."

खरंच, त्यानंतर तो सभेत कधी बोलला नाही. फवारेवाल्या साहेबाचं मात्र छान चाललंय.

मी त्याला माफ केलं, मोठ्या मनाने. माझ्या गोठ्यामागेही चार ताटं होती, हे काही मी त्याला सांगितलं नाही.