सगळं बराबर हाय

अंबडच्या टेलिफोन एक्स्चेंजात सत्यशीलाबाई ऑपरेटर होत्या. त्र्याहत्तर साली मुंबईहून नवा कायदा आला: फोन घेताच आधी 'संकट काय आहे?' असं विचारायचं आणि संकट असेल तर लगेच आगीचा बंब धाडायचा.

कायदा करणाऱ्यांना इथली माणसं ठाऊक नव्हती. सकाळी सकाळी कुणी संकट विचारलं तर इथं ते अभद्र वाटतं. तीर्थपुरीच्या अप्पारावांची कडब्याची गंजी पेटली, तरी ते फोनवर म्हणाले, "संकट कशाचं बाई, सगळं बराबर हाय. तुमचं जेवण झालं का?" मंग लेकराबाळांची चौकशी झाली, आणि शेवटी, "बंब मोकळा असला तर पाठवता का जरा?" तोवर गंजीची राख झाली होती.

सत्यशीलाबाईंचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून 'सगळं बराबर' एवढं कानावर पडलं, की पुढचं न ऐकता त्या बंब सोडू लागल्या. तालुक्यातल्या कितीतरी गंज्या वाचल्या.

पुढं कायद्याची पाहणी करायला मुंबईचे साहेब तीर्थपुरीत उतरले. त्यांनी विश्रामगृहातून फोन लावला. बाईंनी नियमाप्रमाणे संकट विचारलं.

साहेब खूश होऊन म्हणाले, "काही नाही, सगळं बरोबर आहे."

अहवाल त्यांनी ओल्या कपड्यांनीच लिहिला: बंब वेळेवर येतो.