ऑफिस रिकामंच राहील

पंचवटीतल्या आमच्या बालवाडीत मी मुख्याध्यापिका झाले आणि त्याच महिन्यात संस्थाचालकांनी वर्गावर्गात आणि ऑफिसातही कॅमेरे बसवले. माझ्या टेबलावर मोठा स्क्रीन ठेवून म्हणाले, "मॅडम, आता खुर्चीतून उठायचीही गरज नाही. इथूनच शिक्षिकांवर लक्ष ठेवा."

मी शिकवणारी बाई. पहारा करायला मी आले नव्हते.

छोट्या गटाची नवी शिक्षिका तेव्हा नोकरी सोडायची भाषा करत होती. तिने गोष्ट सुरू केली की मुलं उठून पळायची. स्क्रीनवर मला तिची नुसती पाठ दिसायची. मी सरळ वर्गात जाऊन मुलांमध्ये सतरंजीवर बसले. एक दिवस गोष्ट मी सांगितली, तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने सांगितली, मी ऐकली. कुठे अडलं ते आम्ही डबा खाताना बोलून घेतलं. नोकरी सोडायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

परवा संस्थाचालकांचा घरून फोन आला. "मॅडम, मोबाईलवर बघतोय, ऑफिस रिकामं दिसतंय."

"रिकामंच राहील," मी म्हटलं. "छोट्या गटाचा कॅमेरा लावा, मी दिसेन. आणि शिकवणं बघायचंच असेल तर इथे या. सतरंजीवर जागा आहे. बूट तेवढे बाहेर काढा."