पिवळ्या गुळाचे आठ दिवस

आमच्याकडे ऊस म्हटलं की कारखाना. टोळी येते, फड तुटतो, ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागतो आणि त्या उसाची साखर पुढं कुठल्या बोटीनं कुठल्या देशात गेली, हे आपल्याला कधीच कळत नाही. आमच्या घरात मात्र अजून गुऱ्हाळ होतं. शेजारपाजारची एकेक बंद पडली तरी सासऱ्यांनी ते हट्टानं चालू ठेवलं होतं. पण आता तेही थकले होते. दसऱ्याला त्यांनी सांगून टाकलं, "औंदा भाईरच्या देशात माल गेला तर ठीक. न्हाय तर चुलवाण पाडायचं आणि सगळा ऊस कारखान्याला घालायचा."

हा बाहेरच्या देशाचा उद्योग माझा होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर बोलून बोलून मीच तो जमवला होता. तो आमचा गूळ आखातात पाठवणार होता आणि त्याची अट एकच होती: पावडर नको. रस उकळताना रंग उजळावा म्हणून गुऱ्हाळावर जी पावडर टाकतात, ती चिमूटभर जरी तपासणीत निघाली तरी सगळा माल परत येणार होता.

अट ऐकून आमच्या गुळव्यांचं तोंड कडू झालं. गुळवे म्हणजे चुलवाणावरच्या मोठ्या कढईपाशी, म्हणजे काहिलीपाशी, उभं राहून रसाचा गूळ करणारा माणूस, गुऱ्हाळाचा खरा मालक तोच. आमचे गुळवेकाका माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे होते. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, ही त्यांची ओळख. बिनपावडरीचा पहिला तांबूस रवा निघाला तेव्हा ते त्याच्याकडे बघेनात. "वैनी, ह्यो गूळ माझा म्हणून कुणाला सांगू नगासा," एवढंच म्हणाले.

पावडरीचा डबा मी स्वतः उचलून टाकून दिला. कोपरान् कोपरा झाडून घेतला. मला वाटलं, झालं काम.

आणि चौथ्या दिवशी सकाळी काहिलीतून निववायच्या वाफ्यात गूळ ओतला तो पिवळा!

बाकीची माणसं खूश झाली. माझं डोकं मात्र फिरलं. पिवळा रंग दिसला की पावडर, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं होतं. त्या दिवशीचा ऊस आमच्या माळावरच्या मुरमाड रानातला होता आणि त्या रानाचा गूळ उजळ होतो, हे या घरात येऊन इतकी वर्षं झाल्यावर मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? पण रागात आठवतंय कुणाला! सगळ्यांच्या देखत मी विचारलं, "काका, शेवटी घातलीतच का?"

हातातला लांब दांड्याचा झारा त्यांनी भिंतीला टेकवला, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. हे निघून जाणंच मला कबुलीसारखं वाटलं. निर्दोष माणूस असा निघून जाईल का, असं मी सासऱ्यांना तावातावानं विचारलं. ते म्हणाले, "तपासणीला दे. उगंच तोंड चालवू नगंस."

दिला. त्याच गुळाचा नमुना दिला. पुढचे आठ दिवस काका रोज वेळेवर आले, काहिलीपाशी उभे राहिले, काम चोख केलं, पण आमच्या घरचा चहा घेतला नाही. घरून बाटलीतून आणायचे आणि चुलवाणाकडे पाठ करून प्यायचे. गुऱ्हाळावर वाटेनं जाणाऱ्या पावण्यालासुद्धा आम्ही गरम गूळ आणि रस दिल्याशिवाय सोडत नाही, आणि आमचाच माणूस उपऱ्यासारखा कोपऱ्यात बसलेला. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता. खोटं कशाला बोलू, रागच जास्त येत होता.

नवव्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. गूळ स्वच्छ. पावडरीचा अंशसुद्धा नाही. माल पाठवा.

मला हसू आलं, मग रडूही आलं. सासरे म्हणाले, "चुलवाण पाडायचं ऱ्हायलं म्हणायचं." मग मी थेट गुऱ्हाळावर गेले. सगळ्यांच्या देखत बोलले होते, तर सगळ्यांच्या देखतच कबूल करायला हवं होतं. म्हटलं, "काका, पावडर निघाली नाही. मी चुकले."

त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की मीच चमकले.

"खरंच न्हाय निघाली?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांनी फळीवरचं एक ॲल्युमिनियमचं मापटं काढून माझ्या हातात दिलं. "रसातली मळी काढाया चुन्याची निवळी ह्यानं घातली त्या दिवशी. घातल्यावर ध्यानात आलं, ह्ये पावडरीच्या डब्यातलं माप. राखेनं घासल्यालं हुतं, पर काय नेम? तुमी इचारलासा, आता न्हाय कसं म्हणू? पोटात भ्या हुतं की. आठ दिस झोप न्हाय."

मी ते मापटं ओळखलं. डबा टाकताना ते मीच काढून घेतलं होतं. चांगलं भांडं फेकायला जीव होईना, म्हणून राखेनं घासून फळीवर ठेवलेलं. आणि वर मीच चोर शोधत फिरत होते!

हे सांगितलं तेव्हा गुळवेकाका पोट धरून हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. मापटं मी त्यांच्यासमोरच दगडानं चेचलं.

"आता च्या करा की, वैनी," ते म्हणाले. "साखर नगो. त्योच गूळ घाला."

गुळाचा चहा कधीकधी फाटतो, म्हणून भांडं खाली उतरवूनच मी दूध ओतलं. पहिला कप त्यांना दिला. त्यांनी आधी कपात नीट बघितलं, मग एक घोट घेतला आणि बाटलीतला घरचा चहा चुलवाणाच्या राखेत ओतून टाकला.