पुरावा गुरुजींची यादी आणि माझी मेल

बातमी घेऊन गुरुजींच्या कट्ट्यावर जायला गावातली माणसं बिचकत. तलाव फुटला म्हणे, असं कुणी म्हणालं की गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कुनी पाह्यलं?" सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नसायचंच. मग तुला कोण म्हणालं, त्याला कोण म्हणालं, अशी उलटतपासणी सुरू व्हायची. तिसऱ्या नावाला माणूस अडखळायचा आणि गुरुजी शांतपणे सांगायचे, ही बातमी तुझी तू घरी घेऊन जा, मला नको. गावानं त्यांचं नाव पुरावा गुरुजी ठेवलं होतं. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. शिकवलेलं मी किती लक्षात ठेवलं, ते पुढं येईलच.

हा विक्षिप्तपणा जन्मजात नव्हता. आमचं गाव सास्तूरच्या शेजारचं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडांत राहायचो, तेव्हा दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी सांगत यायचं, आज मोठा धक्का बसणार आहे. एकदा भर पावसात सगळं गाव रानात जाऊन बसलं. गुरुजींची आई तापानं फणफणलेली होती. तिला बाजेसकट बाहेर नेलं. धक्का बसला नाही, पण भिजलेली म्हातारी चौथ्या दिवशी गेली. तेराव्यानंतर गुरुजी त्या बातमीचा माग काढत निघाले. आमच्या गावातून सास्तूर, सास्तुरातून लोहारा, असं करत येडशीच्या स्टेशनापर्यंत पोचले. तिथल्या चहावाल्यापाशी माग संपला, कारण त्यानं ती कुणा प्रवाशाकडून ऐकली होती. परत आल्यावर ते माझ्या वडिलांना म्हणाले, "एखादा हरामखोर सापडला असता तर बरं वाटलं असतं. समदी चांगलीच मानसं निघाली."

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या गावाची यादी करायला घेतली. ढिगाऱ्याखाली गेलेलं गाव, गल्लीवार, घरवार. कुणाचा दरवाजा कुठल्या तोंडाचा, अंगणात काय होतं, आत कोण राहायचं, त्यातलं कोण उरलं. प्रत्येक घराला दोन सांगणारे हवेत आणि दोघं एका कुटुंबातले नकोत, हा त्यांचा नियम. गावच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर होता. सांगणारा शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि गुरुजी एका बोटानं टाइप करायचे. असं सहा वर्षं चाललं. छापून ठेवा म्हटलं की म्हणायचे, अर्धा पेपर कुणी तपासायला देतं का. एक प्रत पेनड्राइव्हवर होती. तो वाचनालयाच्या ड्रॉवरमध्ये असायचा.

मी तेव्हा पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत होते. मी तिथं हजेरी आणि रजा बघायचे, पण गावाला एवढा फरक कोण समजावून सांगणार. गावाच्या लेखी मी कॉम्प्युटरमधली मोठी तज्ज्ञ होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

एक दिवस ऑफिसातल्या एकीची मेल आली. एक भयंकर व्हायरस पसरतोय, तो चौदा दिवस झोपून राहतो आणि मग सगळं पुसून टाकतो. अमुक नावाची फाईल तुमच्याकडं सापडली तर तो आत शिरला आहे असं समजा. कुठल्याही अँटीव्हायरसला तो दिसत नाही. कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह ताबडतोब साफ करा आणि ओळखीच्या प्रत्येकाला कळवा. मी ती त्रेचाळीस जणांना पाठवली. त्यात वाचनालयाचाही पत्ता होता. नुसती पाठवली असती तरी एक वेळ चाललं असतं. वर मी माझी ओळ जोडली, "हे खरं आहे. आमच्या कंपनीतही आलंय. लगेच करा." आजही ती ओळ आठवली की कानशिलं तापतात. इंटरनेटवर त्या फाईलचं नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. ती फाईल प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये जन्मापासून असते, कॉम्प्युटरचंच काहीतरी काम करते. पण दोन मिनिटं थांबेल ती तज्ज्ञ कसली.

वाचनालय बघणाऱ्या शिवाप्पांनी फाईल शोधली. सापडणारच होती. ते घाबरले, आणि त्यांच्या घाबरण्याला मी दोष देत नाही, कारण मेलवर माझं नाव होतं. गुरुजी लेकीकडं जळकोटला गेले होते. ते येईपर्यंत चौदा दिवस उलटले तर काय घ्या, म्हणून शिवाप्पांनी उमरग्याहून दुरुस्तीवाला बोलावला आणि आतलं सगळं काढून कॉम्प्युटर धुऊन घेतला. पेनड्राइव्हही धुतला. व्हायरस तेवढा जाईल असं त्यांना वाटलं होतं, त्याबरोबर यादीही गेली. गुरुजींची यादी वाचवायची म्हणूनच त्यांनी हे सगळं केलं.

मला कळलं तशी मी गावाकडं धावले. वाटेत ज्यांना ज्यांना सांगितलं ते एकच म्हणाले, तू काळजीपोटीच पाठवलं होतंस ना. या वाक्याची मला चीड आहे. काळजी असती तर मी तपासलं असतं. मला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं, बस्स.

गुरुजींनी ती मेल छापून घेतली होती आणि लाल पेनानं तपासली होती, अगदी चौथीच्या पेपरासारखी. मला समोर बसवून ते एकेक खूण दाखवत गेले. कुण्या मोठ्या कंपनीचा हवाला आहे, पण नाव नाही. चौदा दिवस म्हणतोय, पण कधीपासून ते नाही. ताबडतोब हा शब्द पाच ठिकाणी. मग शेवटच्या ओळीवर पेन टेकवून म्हणाले, "हे बघ, सगळ्यांना कळवा. डाक्टर रोग्याला दवाखान्यात ये म्हनतो, गावभर सांगत फीर म्हनत न्हाय. हितंच वळखायचं." माझ्या ओळीखाली मात्र त्यांनी काहीच खूण केली नव्हती. मी रडायला लागले.

"रडू नगंस," ते म्हणाले. "कुनाकुनाला पाठवलंस, त्येंची नावं काढ. मी पाठवलेलं खोटं हुतं, मी तपासलं न्हाय, असं लिही. एकदम समद्यांना न्हाय. एकेकाला."

मी त्रेचाळीस पत्रं लिहिली. ज्यांनी फाईल काढून टाकली असेल त्यांनी ती परत कशी आणायची, तेही कंपनीतल्या जाणकाराला विचारून लिहिलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. मेल पाठवणारी ऑफिसातली बाई रुसली. एकीनं उलट विचारलं, खोटं निघालं तर बिघडलं कुठं? मी फोन उचलला आणि कुठं बिघडलं ते तिला ऐकवलं. आमचं बोलणं तेव्हापासून बंद आहे आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

वाचनालयातली डिस्क मी पुण्याला नेली. दुरुस्तीवाल्यानं तिच्यावर नवं सामान भरलं होतं, त्यामुळं हाती लागली ती काही पानं, आणि त्यांतलीही निम्मी अक्षरं फुटलेली. गुरुजींनी पासष्टीला टेकल्यावर यादी पुन्हा सुरू केली. प्रत्येक सुट्टीत मी जायचे, ते विचारायचे, मी टाइप करायचे. रोज संध्याकाळी प्रत छापायची, हा नवा नियम. मला ते एकदाही रागावले नाहीत. एखाद्या घरापाशी थांबायचे, डोळे मिटायचे. दोघांपैकी एक सांगणारा या सहा-सात वर्षांत गेलेला असायचा. तुम्हाला आठवत असेल ना, तुम्हीच तर टाइप केलं होतं, असं मी म्हणायचे. ते मान हलवायचे. "मला आठवतं त्यो पुरावा न्हाय," म्हणायचे, आणि पुढच्या घराकडं वळायचे.

गेल्या वर्षी गुरुजी गेले. यादी त्यांनी पुरी केली होती, वाचनालयानं तिचं पुस्तक बांधून ठेवलं. मी वाचायला बसले. शिंप्यांच्या गल्लीत तिसऱ्या घरापाशी फक्त एवढंच होतं, "पूर्वी नोंद होती. सांगणाऱ्या गंगाबाई वारल्या. नोंद पुसली गेली." पुढं तसंच आणखी एक घर, मग आणखी एक. अशी एकोणीस घरं. सगळीकडं पुसली गेली, पुसली गेली, जणू काही ती आपोआपच पुसली गेली. आयुष्यभर भल्याभल्यांना न सोडणाऱ्या या माणसानं मला सोडून दिलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला.

मी पर्समधून पेन काढलं आणि तिसऱ्या घराच्या नोंदीखाली माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. शिवाप्पा धावत आले, म्हणाले, ताई, पुस्तक खराब होतंय. मी पान उलटलं आणि पुढचं घर शोधलं.